महिपतीचा आवाज

कात्रजच्या आमच्या सोसायटीत शेजारच्या राजसचा वाढदिवस होता. बोलक्या बाहुल्यांचा कार्यक्रम ठेवलेला. ऐन वेळी वीज गेली, आणि हॉलच्या त्या करड्या उजेडात तो साठी उलटलेल्या एका गृहस्थांच्या मांडीवर बसलेला दिसला — लाकडी तोंडाचा, फेटा बांधलेला महिपती.

माझी स्वराली कुशीत शिरली. "मम्मा, तो आजीकडेच बघतोय."

खरंच बघत होता. मुलं पुढ्यात बसलेली, आणि याची मान हळूहळू वळत मागच्या रांगेत, माझ्या सासूबाईंवर येऊन थांबली...

"द्वारकाबाई, तुमचा आवाज ऐकलाय मी कुठंतरी."

"मी तोंडच उघडलेलं नाही अजून," सासूबाई म्हणाल्या.

"उघडलंत की आत्ता. तोच तो."

"टेलिफोनच्या चौकशीला फोन केला असशील. अख्ख्या पुण्यानं केलाय."

हॉल हसला. सासूबाईही हसल्या — निवृत्तीनंतर पहिल्यांदाच. टेलिफोन ऑफिसात उभा जन्म बोलण्यात गेलेली ही बाई. सासरे आधीच गेलेले, मग नोकरीही संपली, आणि त्या खिडकीत गप्प बसायला लागल्या. त्या गप्प बसण्याची मला धास्ती वाटायची.

कार्यक्रमानंतर ते गृहस्थ ओशाळून जवळ आले. "माफ करा हं. मान मी... म्हणजे, हात अवघडतो माझा कधीकधी."

"आणि अवघडला की बरोबर माझ्याकडे वळतो?"

त्यांचे कान लाल झाले. मला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. यांना सासूबाईंचं नाव कुणी सांगितलं?

श्यामसुंदर त्यांचं नाव. पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ते ओठ न हलवता बोलायला शिकले होते. शनिवार पेठेत एकटेच राहायचे. मग दर रविवारी आमच्याकडे येऊ लागले, सरावाच्या निमित्तानं. स्वतः गप्प, बोलायचा तो महिपती.

"श्यामसुंदर म्हणतात, चहा फक्कड झालाय."

"त्यांना म्हणावं, स्वतः बोला की."

"नाही हो जमत त्यांना. जन्मल्यापासून प्रयत्न चालू आहे."

"आणि म, प म्हणताना ओठ मिटावेच लागतात, तर याचं नाव महिपती? दुसरं मिळालं नाही?"

"मी नाही ठेवलं," श्यामसुंदर स्वतःच हळूच म्हणाले. "त्यानंच सांगितलं..."

सासूबाईंना गंमत वाटली. मी स्वरालीला आत नेलं.

पावसाळ्याच्या शेवटी ते बरेच दिवस आले नाहीत. आले तेव्हा गळ्याला पट्टी होती. घशाचं ऑपरेशन झालं होतं. आवाज परत येईल याची डॉक्टरांना खात्री नव्हती. त्यांनी महिपतीची बॅग स्वरालीसमोर ठेवली आणि खुणेनं सांगितलं — तुला. डोळे मात्र दुसरीकडे वळवले. त्यांचं हे दुसरं आयुष्यही त्या बॅगेत घालून ते आमच्या दारात सोडून चालले होते.

"उचला ती बॅग," सासूबाई म्हणाल्या. "हात तुमचा शाबूत आहे ना? त्याच्या तोंडून मी बोलते."

दुसऱ्या दिवसापासून त्या आरशासमोर बसल्या. ओठ अलगद विलग, दातांमागे जीभ. म आणि प काही केल्या जमेनात. "नहितती... नहितती..." बंद खोलीतून ते ऐकलं की माझ्या अंगावर काटा यायचा. पण जेवायला बाहेर यायच्या तेव्हा चेहरा असा उजळलेला, की थांबवायचा धीरच होत नसे.

शनिवार पेठेतल्या एका शाळेत दुपारी दोघांचा पहिला कार्यक्रम झाला. दोन खुर्च्या, मध्ये महिपती. हात श्यामसुंदरांचा, आवाज सासूबाईंचा. मुलं हसून लोळत होती. मी पहिल्या रांगेतून सासूबाईंच्या ओठांवर नजर रोखून होते. चुकल्या तर काय, हीच काळजी.

मध्येच सासूबाईंनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. घोट घेतला...

महिपतीची मान वळली.

"द्वारका, माझ्या माणसापाशी राहशील का? कायमची?"

शब्द स्वच्छ होते. एकही म, एकही प चुकला नाही. सासूबाईंच्या गळ्यातून पाणी उतरताना मला दिसत होतं.

शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या — पाणी पितापिता बोलणं, केवढी कसरत. सासूबाईंनी ग्लास खाली ठेवला. त्या क्षणभर बाहुल्याकडे बघत राहिल्या, मग श्यामसुंदरांकडे. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"राहीन," त्या म्हणाल्या. ओठ हलवून, स्वतःच्या आवाजात.

परतीच्या रिक्षात बॅग माझ्या मांडीवर होती. स्वराली तिच्यापासून अंग चोरून बसलेली. श्यामसुंदर सासूबाईंच्या कानाशी वाकले. घशातून नुसती हवा आली, पण ऐकू आली. "किती छान विचारलंत... मला कधीच जमलं नसतं."

"आई," मी न राहवून म्हटलं, "तुम्ही तर पाणी पीत होतात."

मांडीवरची बॅग उगाचच जड वाटत होती. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं — सगळं कळलेल्या नजरेनं — आणि श्यामसुंदरांचा हात आपल्या हातात घेतला.

"विचारलं कुणी का असेना," त्या म्हणाल्या. "उत्तर मी दिलंय."