सळया वर धरण्याचं काम

ताईने फोनवर सांगितलं, "गॅलरीत फरशी आणि भिंत यांच्यामध्ये केसाएवढी भेग पडलीय. रविवारी येशील तेव्हा बघून जा. घाई नाही." मी रविवारी गेलो. पिशवीत नेहमीचं सामान होतं. हातोडी, टॉर्च, काचेच्या पट्ट्या, पुडीत थोडं सिमेंट आणि माझी वही.

भेगा बघणं हे माझं काम. त्याचं शिक्षण मी घेतलेलं नाही. बांधकामावर सुपरवायझर म्हणून उभं राहून जे दिसलं ते लिहीत गेलो, आणि त्या वह्यांच्या जोरावर आज लोक मला बोलावतात. गिलाव्यावर जाळीसारख्या भेगा पडल्या तर समजावं की पाणी कमी मारलं. त्यांच्यामुळे कोणी मरत नाही. पण गॅलरीच्या वरच्या अंगाला, भिंतीलगत, सरळ रेषेत गेलेली भेग दिसली, तर आधी माणसं आत घ्यावीत आणि खालून टेकू द्यावेत. कारण गॅलरीला पुढे आधार नसतो. ती भिंतीतून बाहेर काढलेल्या सळयांच्या जोरावर अधांतरी उभी असते, आणि त्या सळया काँक्रीटच्या वरच्या भागात असाव्या लागतात. ओतताना मजूर त्यांच्यावरून चालले की त्या खाली दबतात. म्हणून त्यांच्याखाली लोखंडाच्या छोट्या घोड्या ठेवायच्या, नाहीतर एकाने हुकाने सळया वर ओढून धरायच्या. तळाला बसलेली सळई असून नसल्यासारखी.

ताईच्या गॅलरीतली भेग भिंतीलगत होती. सरळ होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"काय रे, तोंड का उतरलं? भूत बघितलंस?" ताईने विचारलं.

"वरवरची आहे," मी म्हणालो.

मी भेगेवर आडवी काचेची पट्टी ठेवली, दोन्ही टोकं सिमेंटने चिकटवली आणि पेन्सिलने तारीख घातली. भेग वाढली तर काच तडकते. याहून स्वस्त आणि प्रामाणिक पहारेकरी मी पाहिलेला नाही.

"आता माझ्या गॅलरीला पट्टी बांधलीस," ताई म्हणाली. "उद्या सलाईन लावशील. एवढा भेगांचा डॉक्टर झालास, पण दारं कधी नीट लागली नाहीत तुझ्या इमारतीची."

मी हसलो. तेवढ्यात तो आवाज आला.

खर्र... टक्. आणि मग कोणीतरी जड वजन उचलून धरल्यावर सोडतं तसा लांब उसासा. आवाज फरशीच्या आतून आला होता. बाहेर कडक दुपार होती, समोरच्या गच्चीवर कपडे वाळत होते, आणि माझ्या मानेवरचा घाम एकाएकी गार झाला.

"हे हल्ली रोज चालतं," ताई म्हणाली. "खालचे काका स्टूल ओढतात म्हणून मी भांडायला गेले होते. ते तर महिनाभर मुलीकडे आहेत म्हणे. घराला कुलूप. काय असेल रे?"

"सळया तापतात... तापल्या की प्रसरण पावतात."

"आणि उसासे टाकतात?"

तो आवाज माझ्या ओळखीचा होता.

एकोणीस वर्षांपूर्वी ही इमारत मीच उभी केली. तिसऱ्या मजल्यावरची ही गॅलरी ओतायची होती त्या दिवशी घोड्या संपल्या होत्या. मी म्हणालो, चालेल, लांब्या ओढेल. लांब्या म्हणजे लांब हातांचा एक मजूर. तो पुढे पुढे सरकत सळईत हुक अडकवायचा, वर ओढायचा, काँक्रीट खाली शिरेपर्यंत धरून ठेवायचा आणि मग उसासा टाकून पुढच्या सळईकडे जायचा. खर्र, टक्, उसासा. पहिलीच दोन घमेली पडली असतील. माल वर आणणारी बादली झोकांडी खाऊन त्याच्या पाठीवर आदळली, आणि तो कडेवरून खाली गेला.

सगळे थांबले. खालून त्याची हाक आली. "साहेब..." पुन्हा एकदा, "साहेब..."

काँक्रीट अर्धवट ठेवलं तर तिथे सांधा पडतो, आणि सांधा हा मोठा दोष. हे मला तोंडपाठ होतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"ओता," मी म्हणालो. "सांधा पडेल."

त्यांनी ओतलं. सळयांवर पाय देत, घाईघाईने. वर ओढायला कोणी नव्हतं. पाऊण तासाने आम्ही खाली उतरलो तेव्हा हाका थांबलेल्या होत्या. संध्याकाळी मी साइटच्या रजिस्टरमध्ये लिहिलं: सळया वर धरण्याचं काम मजुराकडे होतं, त्याच्या हलगर्जीपणामुळे अपघात. मालकाने ते वाचलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पुढे बक्षीस म्हणून तिसऱ्या मजल्यावरचं हे घर मला दिलं. भाऊजी गेल्यावर मी ताईला इथे आणलं. गॅलरी कोणती, हे मला माहीत होतं. तोवर ती आठ वर्षं टिकली होती, म्हणून पुढेही टिकेल असं मी धरून चाललो.

पुढचे तीन रविवार मी गेलो. प्रत्येक वेळी काच शाबूत. आवाज आला की मी भेगेवर टॉर्च धरून बघायचो. खर्र झालं की भेग किंचित मिटायची. उसासा आला की ती पुन्हा उघडायची, पण काच तडकेल इतकी कधीच नाही. तो अजून ओढत होता.

मला भीती वाटायला हवी होती. पण मला बरं वाटलं. खालून टेकू द्यायचे तर खालच्या काकांना बोलावून कारण सांगावं लागलं असतं. मग कोणी इंजिनिअर आला असता, त्याने भोक पाडून सळया शोधल्या असत्या, जुनं रजिस्टर निघालं असतं. आणि ताईने माझ्याकडे बघितलं असतं. त्यापेक्षा हे बरं. धरलंय ना, धरू दे.

चौथ्या रविवारी ताई आत झोपली होती. मी गुडघ्यांवर बसलो, भेगेजवळ तोंड नेलं आणि हळूच म्हणालो, "सोडू नकोस."

आतला आवाज थांबला. फरशीखाली कोणीतरी कान दिल्यासारखी शांतता. मग अगदी माझ्या ओठांखालून, "साहेब..." आणि लगेच खर्र. आधीपेक्षा जोरात.

हे मी वहीत लिहिलं नाही.

पाचव्या रविवारी मी स्वयंपाकघरात चहा ओतत होतो. ताई गॅलरीत खुर्ची टाकून मटार सोलत बसली होती. मी कप घेऊन दारापर्यंत आलो, तर ती खुर्चीवरून उतरून खाली बसली होती. तळहात फरशीवर टेकलेला. तापात पडलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"इथे कोणीतरी आहे रे," ती हलक्या आवाजात म्हणाली. "काल रात्रभर ओढत होता. श्वास पुरत नाही बिचाऱ्याचा."

"ताई, आत ये."

"थांब." ती वाकली. "बाबा रे, कोण आहेस ते मला ठाऊक नाही. पण दमलास ना... पुरे झालं आता. सोड."

"तसं म्हणू नकोस!"

ती चमकून माझ्याकडे वळली. "का?"

"आधी आत ये."

"का ते सांग."

दोन शब्दांचं काम होतं. गॅलरी पडतेय. पण तिचा पुढचा प्रश्न मला दिसत होता. मी हातात कप धरून उभा राहिलो. ती माझा चेहरा वाचत गेली. लहानपणी माझी चोरी पकडताना वाचायची तसा.

"तुला माहीत होतं," ताई म्हणाली.

फरशीतून उसासा आला. लांब, संपतच नाही असा. कितीतरी वर्षांनी खांद्यावरचं ओझं खाली ठेवावं तसा. काच तडकल्याचा बारीक आवाज झाला, आणि ताई माझ्यासमोरून खाली गेली. ती ओरडली नाही. शेवटपर्यंत माझ्याकडेच बघत होती. मटारची टरफलं दारात राहिली.

तपासाला आलेला इंजिनिअर तरुण आणि सज्जन होता. तुटलेल्या भागाकडे बघून त्याने डोकं खाजवलं.

"सळया पार तळाला आहेत. ओतताना कोणी उचलल्याच नाहीत. काका, ही गॅलरी टेकू काढले त्याच दिवशी पडायला हवी होती. एकोणीस वर्षं टिकली कशी?"

मी जुनं रजिस्टर त्याच्यापुढे केलं. त्याने माझी ओळ बोटाने वाचली.

"म्हणजे चूक त्या मजुराची."

"हो," मी म्हणालो.

त्याने तसं लिहून घेतलं, माझे हात हातात घेतले आणि ताईबद्दल दुःख व्यक्त केलं. रहिवाशांनीही केलं. उरलेल्या गॅलऱ्या तपासायचं काम त्यांनी मलाच दिलं.

पुढच्या आठवड्यात वेल्डर आला. तिथे दार बुजवून भिंत बांधायची होती, म्हणून बाहेर आलेल्या सळया कापायच्या होत्या. आठ सळया, वाऱ्यावर उघड्या. सकाळची वेळ होती. त्या बाजूला दुपारपर्यंत ऊन येत नाही. मी दारातून वाकून पहिली सळई धरली.

"काका, हात काढा, भाजेल," वेल्डर म्हणाला.

"अजून कापायला घेतलं नाहीस ना?"

"नाही हो. गॅसही चालू केला नाही." तो थोडा मागे सरकला. "पण मघाशी मीही धरली होती..."

मी आठही सळया चाचपून पाहिल्या. भिंतीजवळ गार होत्या, टोकाला गार होत्या. मध्ये प्रत्येकीवर एकेक जागा गरम होती. चार बोटं रुंद. बरोबर एका मुठीएवढी.