डाव्या सीटचा बेल्ट

शंभू, तू गाडी घे बाबा. मी नको म्हणणारा कोण? सेकंडहँड घे, जर्मन घे, छप्पर उघडणारी घे. फक्त एक कर. चालवून बघायला बसशील तेव्हा आधी डाव्या सीटचं बक्कल बघ. त्यात बेल्ट नसेल आणि नुसतीच क्लिप खोचलेली असेल, तर तिला हात लावू नकोस. का ते सांगतो. पूर्वा, तो मोबाईल जरा खाली ठेव आणि गच्चीचं दार लोटून घे, वारं येतंय.

येरवड्याला माझ्या जुन्या सोसायटीत बुद्धभूषण रामटेके म्हणून राहायचा. मूळचा भंडाऱ्याचा, नोकरी खराडीला आयटीत. माणूस सरळ. बायको ललिता शाळेत शिकवायची. उंचीला इतकी कमी की गाडीत बसली की आधी सीट पुढे ओढून घ्यायची, नाहीतर पाय टेकायचे नाहीत. मुलगी मैत्री, कॉलेजात. एका पावसाळ्यात ललिताला ताप आला आणि आठवड्याच्या आत ती गेली. भूषण रडला नाही. दवाखान्यात नाही, स्मशानात नाही, घरी परत आल्यावरही नाही. लोक म्हणाले, खंबीर आहे. खंबीर कसला डोंबलाचा! आतून पार बधिर झाला होता. गार झालेला चहा पिऊन टाकायचा, मीठ विसरलेली आमटी जेवायचा, आणि विचारलं तर म्हणायचा, चांगली झालीय. एकदा मैत्री मला जिन्यात भेटली. म्हणाली, "काका, आई गेली ते मला कळतंय. बाबा कुठे गेलेत ते कळत नाही."

त्यांच्याकडे एक जुनी छोटी गाडी होती. डावी सीट ललितानं ओढून घेतलेली, तशीच पुढे. मागे कधीतरी पार्किंगमध्ये पाणी शिरलं, सीटखालचा रूळ गंजला आणि ती सीट तिथेच जाम झाली. मेकॅनिक म्हणाला, आता कापूनच काढावी लागेल. भूषण म्हणाला, राहू दे. मैत्री बापावर गेलेली, उंच, पुढे बसली की तिचे गुडघे आपटायचे. म्हणून ती मागे बसायची. ललिता गेल्यानंतर त्या सीटवर कुणीच बसलं नाही.

अशात ऑफिसातल्या कुणीतरी त्याला एका गाडीची जाहिरात दाखवली. गडद निळी, परदेशी, स्पोर्ट्स सेडान. एकच मालक, फारशी न फिरलेली, आणि किंमत संशय यावा इतकी कमी. भूषणला गाड्यांचं वेड कधीच नव्हतं. पण तो मित्र म्हणाला, अरे, पाय दाबलास की पोटात गोळा येतो. भूषणनं तेवढंच ऐकलं. म्हटलं, येऊ दे गोळा. काहीतरी तर येईल. सौद्यात जुनी गाडी एक्स्चेंजला द्यायची असं बोलणं झालं. मैत्रीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, घ्या बाबा, पण आईची गाडी देऊ नका. हा म्हणाला, बघू.

मागच्या डिसेंबरातला तिसरा शनिवार. लोणी काळभोरच्या पुढे सोलापूर रस्त्याला बद्रीनाथ म्हणून एकाचा जुन्या गाड्यांचा यार्ड आहे. दिवसा त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सोडत नाहीत पुढे जायला, तिथे अशी गाडी काय पळवणार? म्हणून रात्री साडेदहाला बोलावलेलं. बद्रीनाथ जेवून दात कोरत उभा होता. किल्ली हातावर ठेवली आणि म्हणाला, "एकटंच जावा साहेब, निवांत बघा. तुमची गाडी हाय की हितं. फकस्त डावीकडचं काय हलवू नका. सेन्सर खराब हाय, उगा वरडतंय."

भूषण निघाला. मागे थेऊर फाटा गेला, रस्ता मोकळा झाला. त्यानं पाय दाबला. गाडी अशी सुटली की पाठ सीटला चिकटली. काटा चढत गेला, झाडं मागे पळायला लागली. आणि आत? आत काही नाही. ना भीती, ना मजा. त्याला वाटलं, आपण मेलोय बहुतेक, कुणी सांगितलं नाही एवढंच. उरुळी कांचनच्या अलीकडे त्यानं गाडी बाजूला घेतली आणि वळवायच्या आधी जरा थांबला.

तेव्हा त्याला डाव्या बक्कलात ती क्लिप दिसली. बेल्ट न लावता गाडीचं तोंड बंद ठेवायला लोक खोचतात ती. ललिताचा तिच्यावर भारी राग. एकदा तिनं शाळेतल्या दुसऱ्या बाईंच्या गाडीतली क्लिप उपटून खिडकीतून फेकून दिली होती आणि वर त्या बाईंना दहा मिनिटं झापलं होतं. भूषणनं विचारसुद्धा केला नाही. सवयीनंच हात गेला. क्लिप काढून खणात टाकली आणि गाडी पुण्याकडे वळवली.

टिंग... टिंग... टिंग.

समोर लाल दिवा. डावीकडचा माणूस, बेल्ट नाही.

सीटवर त्याचा मोबाईल आणि पाकीट होतं. त्यानं ते उचलून खिशात घातलं. तरी टिंग... टिंग. म्हटलं, सेन्सर खराब आहे, बद्री म्हणालाच होता. पण मग मनात एक गोष्ट आली, आणि ती आली ती गेलीच नाही. त्यानं गाडी कडेला घेतली. वाकला. डाव्या सीटचा बेल्ट ओढला, आणि रिकाम्या सीटवरून आणून बक्कलात अडकवला.

आवाज थांबला.

भूषण तसाच बसून राहिला. ललिताला एसीचा वारा सोसायचा नाही. त्यानं डावीकडची झडप बंद केली आणि हळूच विचारलं, "गार नाही ना वाटत?" एवढं बोलला आणि त्याचा गळा दाटून आला. वर्षभरात पहिल्यांदा. त्याला एकदम बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की त्यानं तिथल्या तिथे ठरवून टाकलं, गाडी घ्यायची. जुनी गाडी देऊन टाकायची. ललिता इथे आहे.

गाडी पुन्हा रस्त्याला लागली. किलोमीटरभर गेला असेल. मग डावीकडून बारीक आवाज आला. घूंऽऽ. सीटची मोटर. सीट सरकायला लागली.

मागे.

ललिता सीट पुढे घ्यायची. आयुष्यभर पुढेच. ही मागे चालली होती... हळूहळू... थेट शेवटपर्यंत. लांब पाय ठेवायला लागणारी जागा करत.

खट्ट. थांबली.

मग सीटच्या पाठीचं चामडं करकरलं. कुणी रेलून बसलं की करकरतं, तसं.

त्यानं डावीकडे बघितलं नाही. समोर बघितलं. फक्त समोर. एक ट्रक गेला, त्याचा उजेड आत आला... त्यानं डोळे मिटले. उघडले. रस्ता होता. नुसतं कुणीतरी बसलेलं... शांत. वाट बघत बसावं तसं.

यार्डाचे दिवे दिसले. तो आत शिरला, गाडी बंद केली, उतरला. बद्रीनाथ पुढे आला, पण भूषणकडे नाही, गाडीच्या डाव्या बाजूकडे बघत. डावं दार उघडं होतं. बेल्ट सुटून आत लोंबत होता.

"क्लिप काढली व्हय?" बद्रीनाथ म्हणाला.

भूषणनं विचारलं, कोण आहे? बद्रीनाथ म्हणाला की आपल्याला काही ठाऊक नाही. मागचा मालक गाडी लावून गेला तेव्हा क्लिप काढू नका एवढंच बोलला, आणि मागे वळून न बघता चालत हमरस्त्याला गेला. गाडी नको, असं भूषणनं सांगितलं. बद्रीनाथनं आग्रह केला नाही.

आपल्या जुन्या गाडीत बसून तो निघाला. हडपसर, मुंढवा, खराडी. काही म्हणता काही वाटेना, सगळं पुन्हा सुन्न. गाडी सारखी डावीकडे ओढत होती. त्याला वाटलं, चाकात हवा कमी असेल. पार्किंगमध्ये लावली, वर गेला, झोपला.

रविवारी सकाळी मैत्री दूध आणायला खाली उतरली आणि तिथूनच तिनं हाक मारली. "बाबा, आईच्या जागेवर कोण बसलं होतं?"

भूषण अनवाणीच खाली आला. ती गंजलेली, जाम झालेली, कापल्याशिवाय न हलणारी सीट... पार मागे गेली होती. ललिताची तेवढी एकच खूण उरली होती, तिनं स्वतःच्या हातानं ओढलेली. ती गेली. भूषण पार्किंगच्या फरशीवर बसला आणि हंबरडा फोडून रडला. तो आवाज मी वर माझ्या घरात ऐकला. मैत्रीनं त्याला मिठीत घेतलं. तीही रडत होती, पण मला नंतर म्हणाली, काका, मला त्या क्षणी बरंच वाटलं, बाबा परत आले असं वाटलं.

मग ती सीट पुढे ओढून बघायला म्हणून उठली. दार उघडलं... आणि थांबली.

बेल्ट लावलेला होता. पण पट्टा सीटच्या पाठीला टेकलेला नव्हता. तो अधांतरी ताणलेला होता, पुढे, छातीवरून जातो तसा. मैत्रीनं पट्टा आणि सीट यांच्या मधल्या जागेकडे बघितलं. तिथे एक चांगला थोराड माणूस मावला असता.

तिनं हात लांब करून लाल बटण दाबलं. पट्टा सर्रकन मागे गेला.

आणि बंद गाडीची डावी बाजू हलकेच वर आली. कुणी उतरल्यावर येते तशी.

पुढे काय व्हायचंय, शंभू? ती गाडी त्यानं विकली नाही. बापलेक तीच वापरतात. भूषण आता आमटीत मीठ नसलं तर सांगतो. सीट मात्र मागेच आहे, तीन मेकॅनिक झाले, पुढे येत नाही. आता तिथे पाय पसरून बसायला भरपूर जागा आहे. पण मैत्री अजून मागेच बसते.