जपानी मुंजाबा

"अहो, मेंढरं काय हाणताय! लाज नाय वाटत?"

समोरचा तरुण दचकला. हातातलं व्हिडिओ गेमचं यंत्र निसटता निसटता वाचलं, पण यंत्रातला बुटका मात्र खड्ड्यात पडून मेला. तरुणानं चिडून मान वर केली... आणि चिडायचं विसरूनच गेला.

त्याचं काय झालं, त्या दुपारी शहागंजात विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा आला होता. घंटाघराच्या आजूबाजूला पाय ठेवायला जागा नाही, जिकडं बघावं तिकडं निळे झेंडे, आणि 'झालंच पाहिजे'चा असा गजर की दुकानांचे पत्रे थरथरत होते. दुकानदारांनी शटरं अर्ध्यावर ओढून घेतली होती. सिटी बस बंद. अशात बानू वडिलांचा बिघडलेला रेडिओ छातीशी धरून उभी. बानू म्हणजे बानाबाई – बजाजनगरात आत्याकडं राहायची, वाळूजच्या एका कारखान्यात तांब्याच्या तारेच्या कॉइली गुंडाळायची. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि सरळ जवळच्या शटराखालून वाकून आत शिरली. दुकान नेमकं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचंच निघालं. आत एक पिवळा बल्ब, जळक्या सोल्डरचा वास, आणि स्टुलावर हा गडी दोन्ही अंगठे नाचवत बसलेला.

"मेंढरं?" तो म्हणाला. "ही मेंढरं हैत व्हय? मी तर महिनाभर राक्षस समजून झोडपतोय."

"राक्षसाला लोकर असती का? आन् शिंगं बघा की, कशी मागं वळल्यात. आमचं आख्खं घर मेंढरांमागं हिंडतंय, मला शिकवता का? दाखवा बरं इकडं."

तिनं मान पुढं केली. काडेपेटीएवढा पडदा, त्यात पालापाचोळ्याच्या रंगाचं जग. एक बुटका पोरगा, डोक्याला मुंडाशासारखं कायतरी, हातात काठी. मागं कुत्रं. या दगडावरून त्या दगडावर उड्या मारत निघालेला. समोरून लोकरीचे गोळे चालत आले की तरुण काठी हाणायचा.

"हाणू नका म्हणते ना! त्यांच्या मागनं जाऊ द्या त्याला. कुत्रं आपोआप वळवंल."

त्यानं ऐकलं. बुटका मागं राहिला, कुत्रं धावलं, गोळे गुमान एका कुंपणाच्या वाड्यात शिरले, आणि महिनाभर न उघडलेलं दार टुणकन उघडलं. आतून बारकी शिट्टीसारखी धून वाजू लागली.

"खुला क्या?" मागच्या खोलीतून दुकानाचे मालक हारूनचाचा पळत आले. त्यांच्या भाच्यानं हे खेळणं जेद्दाहून आणलं होतं आणि कंटाळून मामाच्या गळ्यात मारलं होतं. "या अल्ला, खुला! बेटी, तू कौन है? इत्ते दिन कहाँ थी?"

बानू लाजली. पण नजर पडद्यावरच. दाराच्या आत, उंच कड्यावर एक मुलगी उभी होती. दोन वेण्या, लांब परकर. खाली चौकोनात अक्षरं उमटली, ओल्या मातीत कोंबड्या हिंडून गेल्यासारखी.

"काय म्हणती ती?"

"जपानी हाय," तरुण गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "थांबा, वाचतो. ती म्हणती... लई उशीर केलात यायला."

"खोटं!"

"मग तुमी वाचा."

बानूनं पडद्यावर बोट ठेवलं, त्याच्याइतकाच गंभीर चेहरा केला. "ती म्हणती, मुक्या जनावराला मारणाऱ्याशी मी बोलत नसती."

चाचा पोट धरून हसले. बाहेर मोर्चा पुढं सरकला, बसचा हॉर्न ऐकू आला. तरुणानं रेडिओ घेतला, उलटसुलट बघितला आणि उगीचच कपाळाला आठ्या घातल्या. "पार्ट लागंल ह्याला. पुढच्या रविवारी या. नाव?"

"बानाबाई. आन् तुमचं?"

"बन्सी," तो म्हणाला. पावती करताना कारागिराचं नाव कुणी विचारत नसतं, हे तिला बसमध्ये आणि त्याला दुकानात नंतर आठवलं.

पुढच्या रविवारी पार्ट आला नव्हता. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. बानू यायची, स्टुलावर बसायची, चाचा चहा मागवायचे, आणि खेळ तिथून पुढं सुरू व्हायचा. बुटक्याचं नाव ठेवलं मुंजाबा, कारण बन्सीच्या मते त्याचं लग्न झालेलं दिसत नव्हतं. कुत्र्याचं नाव वाघ्या. विहिरीवरच्या टप्प्यात एक मिशाळ धिप्पाड गडी आडवा यायचा आणि मेंढरं कोंडून ठेवायचा. त्याला बघताक्षणी बानू ओरडली, "अगं बाई, फॉरेस्टवाला!" राखीव रानात शिरलेली मेंढरं धरून नेणारा फॉरेस्टचा गार्ड तिच्या घरच्यांना पाठ होता; तेव्हापासून तो फॉरेस्टवाला. मुलीचं नाव मात्र ठरेना.

"तिचं नाव काय ठेवायचं?" बन्सीनं एकदा पडद्याकडं बघत विचारलं.

"तिचं तिला विचारा."

"विचारलं. ती म्हणती, मुंजाबाला ठाऊक हाय."

"मग मुंजाबा बोलत का नाय?"

"भितो."

"कशाला?"

"ती लई बोलती म्हणून."

बानूनं त्याच्या दंडावर चापट मारली. मग आपण काय केलं ते कळून हात असा मागं घेतला, जणू तापल्या तव्याला लागला. बन्सीचे कान लाल झाले आणि मुंजाबा तिसऱ्यांदा विहिरीत पडला. बाहेर हस्ताचा पाऊस पत्र्यावर धडाधड वाजत होता, त्यामुळं बरं झालं. नाहीतर त्या शांततेचं काय करायचं, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नसतं.

दर टप्प्याच्या शेवटी ती मुलगी कड्यावर यायची. तिची वाक्यं बानू म्हणायची, मुंजाबाची बन्सी.

"का आलात इतक्या लांब?"

"तुमची मेंढरं वळायला ठेवता का, विचारायला आलो."

"पगार परवडायचा नाय."

"पगार नको. रोज एकदा कड्यावर येत जा, झालं."

अशी ही जपानी भाषा. पोरगी मोठी धीट निघाली, मुंजाबा तर त्याहून. बोलणारे दोघं मात्र एकमेकांकडं सरळ बघायचेसुद्धा नाहीत.

एका रविवारी बन्सी चहा सांगायला बाहेर गेला, तेव्हा बानूनं फळीवरचा आपला रेडिओ सहज हातात घेतला. कॉइलवरचं नवं डागकाम चकचकीत दिसत होतं. तिनं कान पिळला, तर आतली बाई खणखणीत आवाजात बाजारभाव सांगू लागली! बानूनं घाईघाईनं रेडिओ बंद केला, होता तसा ठेवला, आणि बन्सी आल्यावर अगदी भोळ्या चेहऱ्यानं विचारलं, "आला का हो पार्ट?"

"नाय ना. जपानवरनं यायचाय बहुतेक."

"येऊ द्या सावकाश," बानू म्हणाली. बसमध्ये ती एकटीच इतकी हसली की शेजारच्या बाईनं पदर सावरून सरकून घेतलं.

बन्सी गमत्या होता, पण नुसता गमत्या नव्हता. एकदा शहर बंद होतं, तेव्हाची गोष्ट चाचांनीच तिला सांगितली. बन्सीचं घर मुकुंदवाडीचं, जमीनजुमलेवाल्यांचं. घरात सगळे नामांतराच्या विरोधात. जेवताना थोरला भाऊ अप्पाराव काहीबाही बोलला, तर बन्सी म्हणाला, "नाव दिलंच पायजे. त्या माणसानं शिकवलं नसतं तर निम्मा मराठवाडा आजून ढोरंच वळत असता." भावानं थोबाडीत दिली. बन्सीनं शब्द मागं घेतला नाही आणि त्यापायी आठवडाभर दुकानातच झोपला. बानूनं ऐकलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिनं बन्सीकडं सरळ, नीट, बघायचं तेवढं बघून घेतलं. हा माणूस आपल्याला आवडलाय, हे तिनं मनातल्या मनात कबूल करून टाकलं.

आणि नेमकं तेव्हाच आत्यानं, म्हणजे गोजरबाईनं, स्थळ आणलं.

वैजापूरकडचं. आपल्यातलंच. पोराचा स्वतःचा टेम्पो, स्वभाव गरीब, व्यसन नाही. नावं ठेवायला जागा नव्हती, हीच तर पंचाईत! वडील – कडूबा – कळप भावाकडं सोपवून येणार होते. रविवारी पाहुणे बघायला येणार, आणि पसंत पडलं की दसऱ्यालाच सुपारी फुटणार.

शनिवारी कारखाना सुटल्यावर बानू तडक शहागंजात आली. उभ्यानंच म्हणाली, "रेडिओ द्या. उद्या आबा येणारेत."

"बसा तर! आज शेवटचा टप्पा हाय. फॉरेस्टवाला..."

"उद्या मला बघायला पाहुणे येणारेत."

बन्सीचा चेहरा पडला. मग – काय म्हणावं या माणसाला! – त्यानं खेळणं उचललं, बटण दाबलं आणि पडद्याकडं बघत म्हणाला, "मुंजाबा म्हणतो की..."

बानूनं त्याच्या हातातलं खेळणं काढून घेतलं आणि बंद केलं.

"मुंजाबाचं राहू द्या. बन्सी काय म्हणतो?"

बन्सीनं टेबलावरची सोल्डरची तार उचलली, परत ठेवली. चाचा मागच्या खोलीत खोकले, उगाच.

"इद्यापीठाच्या नावासाठी घरच्यांशी भांडलात," बानू म्हणाली, "थोबाडीत खाल्ली. आन् माझं नाव घ्यायला तुमाला जपानी पोरगं लागतं?"

रेडिओ तिनं स्वतःच फळीवरून काढला. बन्सी तिच्यामागं शटराबाहेर आला नाही. बसमध्ये ती खिडकीकडं तोंड करून बसली आणि बजाजनगर येईपर्यंत डोळे पुसत राहिली.

रविवारी सकाळी आत्याच्या खोलीत कांदेपोह्यांचा वास दरवळत होता. बानूला हिरवं लुगडं नेसवून आत बसवलं होतं. कडूबा बाहेर घोंगडीवर बसून, रेडिओ मांडीवर घेऊन, समाधानानं कान पिळत होते. तेवढ्यात दारात लुना थांबल्याचा आवाज आला.

"पाहुणे?" आत्या धावली.

पाहुणे नव्हते. पुढं हारूनचाचा, डोक्यावर ठेवणीतली टोपी, हातात पत्ता लिहिलेली पावती. मागं बन्सी, इस्त्रीचा शर्ट घातलेला, आणि डोळे असे लाल की रात्रभर मिटले नसावेत.

"सलाम, कडूबाभाई. मैं इसका बड़ा बनके आया हूँ," चाचा म्हणाले. "पण बोलेगा येइच. मैं नै बोलनेवाला."

बानू दाराच्या फटीशी आली.

"मी बन्सी. तुमचा रेडिओ मीच दुरुस्त केला."

"असं व्हय!" कडूबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लई दिस लावलेस बाबा. रानात माझे कान किटले कावळे ऐकून. इतका काय बिघाड होता?"

"बिघाड मोठा नव्हता. पहिल्याच दिवशी झाला होता दुरुस्त."

"आँ? मंग दिला का नाय?"

"दिला असता तर ह्या परत आल्या नसत्या."

आत्याच्या हातातला झारा तसाच राहिला. चाचांनी डोळे मिटून घेतले.

"मला बानाबाई आवडतात," बन्सी म्हणाला. एकदा गाडी सुटली म्हटल्यावर तो थांबेना. "मी तुमच्यातला नाय. रातीच घरी सांगितलं. दादा बोलायचा बंद झालाय, होईल कधीतरी चालू. आई म्हणली, आधी पोरीला विचार, मग मला विचार. म्हणून विचारायला आलोय. त्या नाय म्हणल्या तर आल्या पावली जातो. पर न विचारता गेलो असतो तर जल्मभर..."

बाहेर पोरं टायर पळवत गेली, तो आवाज लांब जाईपर्यंत कडूबा घोंगडीचं सूत ओढत राहिले.

"आमच्या बानूला काम करणारा पायजे, बोलघेवडा नको," ते शेवटी म्हणाले. मग आत हाक मारली, "बानू! भाईर ये. तुझं तू सांग. मागनं माझ्या नावानं रडायचं नाय."

बानू बाहेर आली. कड्यावरच्या त्या पोरीची किती वाक्यं तिनं धडाधड म्हटली होती! आता ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. आत्या डोळे वटारून बघत होती. बन्सी जमिनीकडं.

"आबा..." ती म्हणाली, "रेडिओ दुरुस्त झालाय, हे मला ठाऊक होतं."

बन्सीची मान झटक्यानं वर आली.

"मी चालू करून बघितला होता. तरी पण दर रविवारी विचारायला जात होते... पार्ट आला का म्हणून."

"म्हंजी दोघांनी मिळून माझा रेडिओ दाबून ठेवला!" कडूबा गरजले. पण मिशीतलं हसू काही लपेना.

"व्हय," बानू म्हणाली. आणि मग, बापासमोर, आत्यासमोर, परक्या माणसासमोर, कुणाच्याही आडून नव्हे तर स्वतःच्या तोंडानं म्हणाली, "मला हेच पायजेत."

कोपऱ्यावर जीप थांबली. टेम्पोवाल्याकडची मंडळी उतरताना दिसली. आत्यानं कपाळावर हात मारला. कडूबा उठले, मुंडासं नीट केलं. "पाहुण्यांना मी सांगतो काय ते, पोटभर खाऊ घालून सांगतो. तू पोहे आण, गोजरे. आन् चाचा, तुमी बसा हितं, माझ्या शेजारी."

पोह्यांच्या बश्या आल्या. रीत म्हणजे पहिली बशी पाहुण्यांना. बानूनं ती उचलली, दारात येणाऱ्या मंडळींना वाकून नमस्कार केला, आणि सगळ्यांदेखत ती बशी बन्सीच्या हातात दिली.