तळ्याच्या वळणावरचा फवारा

चढावर माझी गाडी अशी काही दमली, की मागून आलेला दुधाचा टेम्पोही मला मागे टाकून गेला. वर टेम्पोवाल्यानं जाताना खिडकीतून हसूनही घेतलं!

मी जनावरांची डॉक्टर. डोंगरावरच्या पठारावर गोठे आहेत, तिथं माझी सतत ये-जा. बाबांनी हौसेनं घेतलेली टर्बो गाडी माझ्या वाट्याला आलेली. सपाटीवर वारा, चढावर म्हातारी. त्या दुपारी गाडी तशीच वळवली आणि पायथ्याच्या गॅरेजपुढे आणून उभी केली.

एका गाडीखालून आधी पाय बाहेर आले. मग काळवंडलेले हात. आणि मग चेहरा… बरा होता. चांगलाच बरा होता.

"हिला दम लागतोय," मी म्हटलं.

त्यानं बॉनेट उघडलं. आतून भट्टीसारखी झळ आली. पुढच्या एका चपट्या जाळीपाशी हात नेऊन त्यानं झटकन मागे घेतला.

"हा इंटरकूलर. टर्बो हवा दाबून इंजिनला देतो. दाबली की हवा तापते. ही जाळी तिला गार करते, पण चढावर गाडी हळू, वारा लागत नाही… जाळीच तापून बसते. मग इंजिन धापा टाकतं."

"मग उपाय?"

"हात द्या."

"आं?"

"द्या तर."

बाटलीतून माझ्या मनगटावर त्यानं पाण्याचा बारीक फवारा मारला, आणि हलकेच फुंकर घातली. "गार लागलं?"

लागलं. मनगटाला गार, कानांना गरम.

"म्हणजे घामच की," हात काढून न घेता मी हसून म्हटलं. "घोड्याला येतो तसा."

"तसंच. जाळीवर फवारा मारायचा. पाणी उडून जातं, जाताना उष्णता घेऊन जातं." एवढं बोलून झाल्यावर त्याला माझ्या हाताची आठवण झाली. त्यानं तो घाईघाईनं सोडला.

आतल्या सगळ्यात वरच्या फळीवरून त्यानं कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. एक छोटी टाकी, पंप, पितळी तोंडाची नळी, लाल बटण. ते बराच वेळ हातात धरून उभा राहिला.

"जुना फवारा आहे…"

"चालतो ना?"

"चालतो," तो म्हणाला. पण बघत होता घाटाच्या रस्त्याकडे.

चालला की! बटण दाबलं की बॉनेटच्या जाळीतून तुषारांचा पातळ पडदा उडायचा आणि गाडी चढ अशी खायची, की मी एकटीच मोठमोठ्यानं गात सुटले.

मग ते तळ्याचं वळण आलं.

खाली खोल, हिरवं, हलायचं विसरलेलं पाणी. माझं बोट बटणावर नव्हतं. तरी फवारा उडाला. भर उन्हात गाडीत असा गारठा भरला, की माझा श्वास मला दिसला.

पुढच्या खेपेलाही तेच. त्याच्या पुढच्याही. आणि टाकीतलं पाणी… ते कमीच होत नव्हतं. मग एके दिवशी वळण जवळ येताच गाडी टिंग-टिंग वाजायला लागली. शेजारच्या सीटवर कोणी पट्टा न लावता बसलं की वाजते, तशी.

सीट रिकामी होती. माझी पिशवीसुद्धा मागे होती.

पठारावर पोचल्यावर त्या सीटवर हात ठेवला. ओलीचिंब. कोणीतरी भिजल्या कपड्यांनी बसून गेल्यासारखी.

"मिस्तरी, तुमचा फवारा माझी मस्करी करतोय," मी गॅरेजात शिरत म्हटलं.

"तक्रार आहे, की यायला निमित्त?"

"थोडी तक्रार… थोडं निमित्त," मी म्हटलं खरं, पण लगेच तळ्याच्या वळणाचं, ओल्या सीटचं सगळं सांगून टाकलं. त्याचं हसू तिथंच थांबलं.

त्यानं वायरी तपासल्या, बटण तपासलं. सगळं ठीक. मग टाकीचं झाकण उघडलं. चिखलाचा, कोंडलेल्या पाण्याचा वास आला. बोट घालून त्यानं शेवाळाचा एक लांब, हिरवा धागा बाहेर काढला.

"तळ्याचं पाणी भरलंत तुम्ही?"

"मी पाणी भरलंच नाही. तुम्ही भरलं होतंत तेवढंच."

तो खाली फरशीवरच बसला.

"हा ताईचा आहे," तो म्हणाला. "घाटातल्या शर्यतीत गाडी चालवायची ती. फवारा मीच बसवून दिला होता. एकदा सरावाला गेली, आणि त्या वळणावरून… गाडी काढली लोकांनी पाण्यातून. ताई सापडली नाही. तेव्हापासून मी वर गेलेलो नाही."

"मग मला का दिलात?"

"टाकवत नव्हता. आणि तुम्ही त्या दिवशी हसलात ना… वाटलं, चांगल्या हातात जाईल." त्यानं मान खाली घातली. "काढून टाकतो."

"काढलात तर तिला काय हवंय ते कळणार कसं? माझ्याबरोबर चला. आत्ता, उजेड आहे तोवर."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते. म्हणून तर सोबत मागतेय!"

त्यानं फवाऱ्याचा फ्यूज काढून खिशात घातला आणि पुढचं दार उघडायला गेला.

"मागे बसा," मी म्हटलं. "ती… त्यांची जागा आहे." आणि घाबरले की माझी जीभ सुटते, तशी सुटली. "लग्नाचा पत्ता नाही, आणि नणंद आधीच पुढच्या सीटवर!"

मी जीभ चावली. आरशात पाहिलं, तर त्याचे कान लाल झाले होते.

निम्म्या घाटात ढग रस्त्यावर उतरले. वळण आलं. टिंग-टिंग सुरू झालं. मागून वाकून त्यानं रिकाम्या सीटवरचा पट्टा ओढला आणि खटकन लावला.

"ताई, पट्टा लाव गं. किती वेळा सांगायचं?"

आवाज थांबला. माझ्या मानेवर काटा आला.

आणि फ्यूज त्याच्या खिशात असताना फवारा सुरू झाला. मी ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं, किल्ली काढून मुठीत घट्ट धरली. तरी फवारा फुसफुसतच राहिला. धुकं दाट, अजून दाट झालं… मागचं दार उघडलं.

"ताई?" तो हळूच म्हणाला, आणि झोपेत चालावं तसा त्या पांढऱ्यात चालत गेला.

मी बाहेर धावले. हाताला हात दिसेना. तळं कितीतरी खाली होतं, पण पाण्याची चुळूकचुळूक अगदी माझ्या पायाशी ऐकू येत होती.

"मिस्तरी!"

मी हात पुढे करून चाचपत दोन पावलं टाकली.

"अरे ए! माघारी फिर! मला तू हवा आहेस… ऐकतोयस का?"

तेव्हा हॉर्न वाजला. माझ्या गाडीचा. लांबलचक, रागावलेला, दाबून धरलेला हॉर्न. गाडीत कोणी नव्हतं. किल्ली माझ्या मुठीत रुतली होती.

धुकं फाटलं. कठडा जिथं तुटलेला होता, तिथं तो उभा होता. एक पाऊल अर्धं हवेत. त्यानं ते मागे घेतलं. मग दुसरं. मग रस्त्यावर मटकन बसला. मी त्याचा शर्ट पाठीमागून असा धरला, की शिवण उसवली.

"ताईच," त्याचे दात वाजत होते. "जेवायला हाका मारूनही मी गॅरेजातून उठलो नाही, की अस्साच हॉर्न दाबून धरायची." तो हसला. आणि हसता हसता रडायला लागला. किती वर्षांचं साठलेलं होतं कोण जाणे. मी शर्ट सोडला नाही.

ऊन परत आलं तसा माझा फोन वाजला. पठारावर एक गाय अडली होती.

"मला जायला हवं," मी म्हटलं. "येणार?"

"येतो," तो म्हणाला. एकदाच तळ्याकडे पाहिलं, आणि उठला.

गोठ्यात प्रेमाबिमाला वेळ नव्हता. वासराचे पाय उलटे होते. मी ओरडत होते, "ओढा! थांबा! आता ओढा!" आणि तो बिचारा डोळे मिटून ओढत होता. शेवटी वासरू सुळकन त्याच्या मांडीवरच आलं. तो नखशिखांत बरबटला. वासरानं नाक फुरफुरलं, श्वास घेतला, आणि आम्हीही घेतला.

"मघाशी तू काय म्हणालीस?" त्यानं विचारलं. तुम्ही-बिम्ही गेलं होतं कुठल्या कुठं.

"ओढा म्हणाले."

"त्याच्या आधी. धुक्यात."

मी गवतानं वासराला पुसायला लागले. नको तितकं पुसायला लागले. "ऐकू आलं होतं तुला?"

"ताई माझ्या शेजारीच उभी होती," तो अगदी साधेपणानं म्हणाला. "म्हणाली, 'ठोंब्या, माझ्यासाठी अडून बसू नकोस, एवढंच सांगायचं होतं. ती काय म्हणतेय ते ऐक, आणि जा.' मी ऐकलं. पण इतकं बरं वाटलं, की उचललेलं पाऊल तसंच ठेवून तिथंच उभा राहिलो… म्हणून तिला हॉर्न द्यावा लागला."

माझ्या अंगावर शहारा आला. तो गारठ्याचा होता, की त्याच्या नजरेचा, मला आजही सांगता यायचं नाही.

"मग आता?" मी विचारलं. "तुझं काय म्हणणं?"

हात धुवायला उठलेला तो तसाच खाली बसला. बरबटलेल्या बोटांनीच माझ्या कपाळावरची बट मागे सारली.

"तेच," तो म्हणाला. "मलाही तूच हवी आहेस."

वासरू धडपडत उभं राहिलं, पडलं, आणि पुन्हा उभं राहिलं.