टोल कुणीच ऐकले नाहीत

मत क्रमांक २०८. लंबक :
"घड्याळ पडून दहाला थांबलं, म्हणून खून दहाला झाला? अहो, काटे हाताने फिरवता येतात की! दहाला दुसरीकडे असलेल्या पुतण्यानेच मारलंय."

मत क्रमांक २०९. संशयी :
"लंबकबाई, काटे फिरवले की टोल पडतात. शेजारीण म्हणते, एकही ऐकला नाही. पुतण्या निर्दोष."

लंबक म्हणजे आत्याच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करणारी घड्याळवाली. एवढी घड्याळं उघडली, आणि खुनाच्या मालिकेच्या शेवटून दुसऱ्या भागाखाली, इंटरनेटवर, कुणा परक्याने चारचौघांत चूक काढावी! सोमवारी सकाळी ती धुमसतच दुकानात आली. तेवढ्यात टॉवेलात गुंडाळलेलं घड्याळ तान्ह्या बाळासारखं धरून एकजण दारात उभा.

"बिघडलंय?"

"छे! काटे फिरवले तर टोल पडतात का, तेवढंच बघायचंय. एका बाईंशी वाद चाललाय..."

तिच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला.

"घरी नाही बघता आलं?"

"दातांचा डॉक्टर आहे मी. तोंड सोडून काही उघडायचं धाडस होत नाही."

तिने काटे फिरवले. टण्‌, टण्‌... त्याचा चेहरा खुलला. मग तिने घड्याळ उघडलं, आतली हातोडी बोटाने दाबून धरली आणि पुन्हा काटे फिरवले.

शांतता.

तो तिच्या बोटाकडे बघत राहिला. मग — अगदी सावकाश — तिच्या चेहऱ्याकडे.

"लंबकबाई?"

"बाई काय! तुमच्याहून लहानच असेन."

"कोण गं?" आतून आत्या.

"गिऱ्हाईक!"

"गिऱ्हाइकाशी एवढं हसतेस कधीपासून?"

दुरुस्त केलेलं घड्याळ आठ दिवस चालवून बघायचं, मगच द्यायचं, असा दुकानाचा नियम. "उघडलंय ना... आठ दिवस ठेवावं लागेल," ती म्हणाली. तो रोज संध्याकाळी बघायला यायचा. घड्याळाकडे एक नजर, बाकी नुसता वाद. "एका हाताने घड्याळ धरलं, दुसऱ्याने काटे फिरवले, मग हातोडी दाबायला पुतण्याने तिसरा हात कुठून आणला?" "कोपराने दाबली!" ती खोखो हसायची. आणि तो गेला की ती दिवस मोजायची — रविवारी शेवटचा भाग. मालिका संपली, घड्याळ गेलं, की हा कशाला येतोय?

रविवारी कळलं, खून शेजारणीने केला होता. टोलांचं धडधडीत खोटं सांगितलं होतं तिने.

सोमवारी तो आला. "दोघंही तोंडावर आपटलो. तुम्ही पुतण्याला धरलंत, मी खुनी बाईच्याच साक्षीवर विसंबलो."

"हो ना."

त्याने घड्याळ टॉवेलात गुंडाळलं, वळला, उंबऱ्यापर्यंत गेला...

"थांबा! याला काही झालंच नव्हतं. नियम दुरुस्तीच्या घड्याळांचा. मी... मुद्दाम ठेवून घेतलं."

तो वळला. कान लाल. "हातोडीचं मला पहिल्याच दिवशी पटलं होतं. पण कबूल केलं असतं तर रोज यायचं कसं?"

"अरे, मग आत येऊन बस तरी!" आत्या ओरडली. "उभ्याउभ्या किती कबुलीजबाब देणार?"

तो बसला. टॉवेल मांडीवर. "पुढची मालिका... आणि त्याच्या पुढचीही... माझ्याशी भांडत बघाल? जन्मभर?"

मत क्रमांक ९६४. लंबक :
"शेवट अजिबात पटला नाही. खालचं मत कृपया कुणी वाचू नये."

मत क्रमांक ९६५. संशयी :
"हो म्हणाली!"