ईशान्येकडून आलेला बिंदू

चहा घ्या पोरांनो, आणि उगाच दाराकडे बघू नका. ही गोष्ट शिह-हुंगची. ताओयुआन विमानतळावर आमच्याच पाळीत मिस्त्री होता, थापा मारणाऱ्यांतला नव्हे.

२०१९ सालची पंधरा ऑगस्ट, पहाटेचे सव्वादोन. तिकडच्या पंचांगातला सातवा महिना, पितर घरी परततात तो, त्यात पौर्णिमा. काम नेहमीचंच. विमानाच्या संगणकात दर अठ्ठावीस दिवसांनी वाटांची नवी यादी भरायची. आकाशातली वाट म्हणजे नुसते बिंदू, प्रत्येकाला छोटंसं नाव. विमान आपलं आपण एकावरून दुसऱ्याकडे वळत जातं.

"खाऊची हिरवी पुडी ठेवलीस का यंत्रावर? नाहीतर रुसायचं ते," विमानाखालून त्याचा जोडीदार वेई-त्साइने विचारलं.

"ठेवली. गेल्या वेळची तूच फस्त केलीस."

त्या महिन्यात यादीतून एक बिंदू काढला होता. लुनेक. अकरा वर्षांपूर्वी हुंगच्या थोरल्या भावाचं मालवाहू विमान तिथेच समुद्रात गेलं होतं. भाऊ सापडलाच नाही. दर सातव्या महिन्यात आई विचारायची, "तो आहे कुठे, ते तरी सांग." हुंग त्या बिंदूचं नाव सांगायचा. भावाचा तेवढाच पत्ता उरला होता. आज तोही आपल्याच हाताने पुसायचा होता.

यादी भरून झाली. खात्रीसाठी त्याने 'लुनेक' टाइप केलं. 'यादीत नाही' असं उत्तर यायला हवं होतं.

आलं : ईशान्येला, १४० मैल.

"जुनीच राहिली वाटतं." त्याने यादी पुन्हा भरली. पुन्हा टाइप केलं.

६२ मैल.

विमान तर जागचं हललं नव्हतं.

"वेई-त्साइ... जरा वर ये."

हाक मारतानाही त्याची नजर पडद्यावरच होती.

आकडा त्याच्या डोळ्यांदेखत उतरू लागला. १९... ४...

शून्य.

हुंगने मागे पाहिलं नाही. धीरच झाला नाही.

"दादा...?"

...

मग आकडा वाढू लागला. आता नैर्ऋत्येला. ६... १५... २१. थांबला.

नैर्ऋत्येला एकवीस मैलांवर नानलिआओ. तिथे आईचं घर.

त्याने फोन लावला.

"आई, जागी आहेस?"

"झोपू देता का तुम्ही दोघं? एक दार वाजवतो, एक फोन करतो."

"आई... दार उघडलंस?"

"मग काय, बाहेर उभा ठेवू त्याला?"

...

सकाळी हुंग धापा टाकत पोचला. आई एकटीच होती, गाढ झोपलेली. तिला फोनही आठवेना. पण तो कुठे आहे, हे तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

ते विमान अजून उडतं. याद्या कितीदा तरी बदलल्या. लुनेक टाइप केलं की बाकीची विमानं 'यादीत नाही' म्हणतात. ते एक मात्र, ताओयुआनला उभं असलं की दाखवतं : नैर्ऋत्येला, २१ मैल.