दुधाच्या फ्रिजसमोरचा पुठ्ठा

"चक्कर येत होती तर कामावर गेलीसच कशाला, ताई?" भावाने विचारलं, आणि कॉटवर जखडून पडलेल्या ताईने भिंतीकडे तोंड फिरवलं. चक्कर आलीच नव्हती...

दुकानातला दुधाचा फ्रिज गळायचा. त्याच्यासमोर रिकामं खोकं फाडून अंथरायचं, ही तिथली पद्धत. पुठ्ठा भिजला की त्याची कड वर येते, तो सारखा बदलावा लागतो, हे नव्या माणसांना ताईच शिकवायची. भावजयीलाही तिनेच शब्द टाकून तिथे चिकटवलं होतं. त्या दिवशी गिऱ्हाइकांच्या गर्दीत भावजय पुठ्ठा बदलायला विसरली, आणि दह्याचा ट्रे घेऊन येणाऱ्या ताईचा पाय नेमका त्या कडेत अडकला. खुब्याचं हाड मोडलं. मॅनेजर धावत आला, तेव्हा भावजयीचा पांढराफटक चेहरा पाहून ताई कण्हत म्हणाली, "चक्कर आली, साहेब."

मग दुकानाने हात झटकले. चूक दुकानाची ठरली असती तर उपचारांचा खर्चही दुकानाने केला असता. आता ऑपरेशन कशाच्या जोरावर करायचं? आणि ते लांबलं तर ही पुन्हा चालणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"तुझं करायचं कुणी? हिने कामावर जायचं की तुला उचलत बसायचं?" भाऊ बायकोकडे बोट करून करवादला.

"नका हो बोलू वन्संना," दारातून भावजय म्हणाली. "पुठ्ठा मी बदलला नव्हता. त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या."

"गप्प बस गं. नोकरी जाईल तुझी," ताई म्हणाली.

"जाऊ दे."

"मग खाणार काय? माझं मोडकं हाड?"

भावाला ताईकडे बघवेना. खरं काय ते सांगायला तो बायकोला घेऊन दुकानात गेला.

दोघं परतली ती पाय ओढत. "आधी सांगितलं तेच खरं धरणार म्हणाले," भावजय उंबऱ्यातच थांबून बोलली. "आणि मला उद्यापासून येऊ नकोस म्हणाले."

ज्या नोकरीसाठी पाय पणाला लावला, तीही गेली. ताईने डोळे मिटून घेतले. भाऊ तिच्या पायाशी उभा राहून हुंदके देत होता. भावजय मान खाली घालून बोलणी खायची वाट पाहत होती.

"सकाळपासून काही खाल्लंस का गं?" ताईने विचारलं.